माळ्यावर कोण चालतं? अनाकलनीय वाटणाऱ्या गोष्टी घरच्या घरी कशा तपासायच्या

गेल्या चैत्रात आतेचा फोन आला. "माळ्यार कोण तरी चलता गो बाय," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. डिचोली तालुक्यातलं तिचं घर जुनं आहे. चिऱ्याच्या भिंती, वर मंगळुरी कौलं, स्वयंपाकघरावर लाकडी माळा. आतोबांना जाऊन वर्ष व्हायला महिना राहिला होता. शेजारणी म्हणत होत्या की त्यांचं काहीतरी मागे राहिलंय. कुणी एका मांत्रिकाचं नावही सुचवलं होतं आणि त्याने खर्चाचा आकडा सांगून ठेवला होता.

मी शाळेत विज्ञान शिकवते. "असं काही नसतं, तू झोप" असं सांगून फोन ठेवता आला असता. पण ती रात्ररात्र जागी होती, आणि आवाज तिने खरोखरच ऐकला होता. म्हणून मी चार दिवसांची रजा टाकून तिच्याकडे गेले. तिथे जे केलं ते कुणालाही करता येतं. त्याला उपकरणं लागत नाहीत. वही, घड्याळ, थोडी रांगोळी आणि भरपूर सबुरी एवढं पुरतं. तीच पद्धत इथे क्रमाने सांगते, आणि आपल्या गोव्यात नेहमी कानावर येणाऱ्या आणखी काही गोष्टींना ती कशी लावायची तेही.

पहिली पायरी: अनुभव आणि अर्थ वेगळे लिहा

वहीच्या पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे माणसाला दिसलं, ऐकू आलं, जाणवलं ते लिहा. उजवीकडे त्याने त्यातून काढलेला अर्थ. आतेच्या डाव्या रकान्यात आलं: "वरून धपधप आवाज. चारपाच पावलं, मग थांबतो. मग खरवडल्यासारखं. एकदा वास आला." उजवीकडे: "हे येतात."

डाव्या रकान्यावर वाद घालायचा नाही. ते त्या माणसाचं आहे. तपासायचा तो उजवा रकाना. आपल्याकडे वाद पेटतात ते नेमके इथे. एक म्हणतो "मी स्वतः ऐकलं", दुसरा म्हणतो "खोटं बोलतोस", आणि मग कोणीच काही तपासत नाही.

हा फरक फार पूर्वी एका गोंयकारानेच जगाला दाखवून दिला. पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे. एका बाईवर हात रोखून उभा असलेला तो पुरुष आपण बसमधून जाताना कितीदा पाहतो. १७५६ साली कांदोळीला जन्मलेले फारिया पुढे पॅरिसला गेले. माणसाला संमोहित करणाऱ्याच्या शरीरातून एक चुंबकीय द्रव वाहतो असं तेव्हा युरोपात मानत. फारियांनी सांगितलं की असा कुठलाही द्रव नाही, जे घडतं ते त्या माणसाच्या स्वतःच्या मनात, सूचनेमुळे घडतं. माणसं गुंगीत जातात हे त्यांनी नाकारलं नाही, त्या गुंगीचं तेव्हा दिलं जाणारं कारण नाकारलं. १८१९ साली ते पॅरिसमध्ये वारले. विज्ञानाच्या तासाला मी मुलांना आवर्जून त्यांच्याबद्दल सांगते.

दुसरी पायरी: दावा असा मांडा की तो खोटाही ठरू शकेल

"माळ्यावर काहीतरी आहे" हे वाक्य तपासता येत नाही. आवाज आला तरी ते खरं, नाही आला तरी "आज शांत आहे" म्हणून खरंच. आतेला मी विचारत गेले. केव्हा येतो? "रोज रात्री बारा वाजता." कुठून? "देवघराच्या बाजूने चुलीकडे." कुठल्या दिवशी जास्त? "अवसेला." हे झालं तपासण्याजोगं. रोज, बाराला, अवसेला जास्त. तिन्ही गोष्टी वहीत उतरल्या की खऱ्या ठरतील किंवा पडतील.

प्रश्न विचारताना आवाजात उलटतपासणीचा सूर येऊ देऊ नका. आणि दावा करणाऱ्याकडून आधीच एक गोष्ट वदवून घ्या: "काय दिसलं तर तुला वाटेल की हे दुसरंच काही आहे?" आते म्हणाली, "जनावर डोळ्यांनी दिसलं, नाहीतर त्याची खूण दिसली, तर." हे आधी ठरलं म्हणून शेवटी भांडण झालं नाही.

तिसरी पायरी: वही ठेवा, आणि काही न घडलेल्या रात्रीही लिहा

सगळ्यात कंटाळवाणी आणि सगळ्यात कामाची पायरी हीच. तारीख, वेळ, काय ऐकलं, किती वेळ, वारा-पाऊस, वीज होती की गेली होती, घरात कोण जागं होतं. ऐकताक्षणी लिहायचं, सकाळी आठवून नाही. आणि ज्या रात्री काहीच झालं नाही त्या रात्रीपुढे "काही नाही" असं लिहायचंच.

चौदा रात्रींची वही झाली. पहिल्या चार मी लिहिल्या, पुढच्या आतेने स्वतः. नऊ रात्री आवाज आला, पाच रात्री नाही. सर्वांत लवकर रात्री ९:५० ला, सर्वांत उशिरा पहाटे ४:२० ला. बाराच्या आसपास फक्त एकदा. मधे अवस येऊन गेली, त्या रात्री "काही नाही". आते पान उलटून उलटून बघत होती. "मग मला बाराच का आठवतात?" तिने विचारलं. कारण बाराला आवाज आला की तो मनात रुततो, नऊ पन्नासचा रुतत नाही. कोरी रात्र तर कुणाच्याच लक्षात राहत नाही. स्मरणशक्ती आपली फसवणूक करू बघत नाही, ती फक्त गोष्टीत बसणारं तेवढं जपून ठेवते.

चौथी पायरी: ओळखीचे संशयित आधी

आता कारणं शोधायची, पण आपल्या परिसरातली. परदेशी व्हिडिओतली यंत्रं इथे उपयोगाची नाहीत. गोव्यातल्या घरात, रानात, रस्त्यावर रात्री काय काय असतं ते माहीत हवं.

आवाजापासून सुरुवात करू. दिवसभर तापलेली कौलं आणि वासे संध्याकाळनंतर निवतात, आकसतात आणि कट्‌कट् वाजतात. असा आवाज रात्रीच्या पहिल्या प्रहरी जास्त आणि पहाटे कमी. माळ्यावर पळणारा हलका आवाज उंदरांचा. जड, थांबतथांबत येणारी पावलं बहुधा उदमांजराची. गव्हाणी घुबडाची पिल्लं घोरल्यासारखा फुसफुस आवाज तासन्‌तास काढतात. मोठं घुबड किंचाळतं, आणि त्याचा पांढरा चेहरा विजेरीच्या उजेडात दिसला तर दचकायला होतंच. भालू ओरडली म्हणजे गावावर संकट असं आपण ऐकत आलो. भालू म्हणजे एकटा ओरडणारा कोल्हा, आणि ते ओरडणं अंगावर काटा आणतं यात शंका नाही. वहीत भालूच्या रात्री आणि गावातल्या वाईट बातम्या दोन्ही लिहून बघा.

मग उजेड. रात्री रस्त्यावर दोन लाल निखारे दिसतात आणि गाडी जवळ गेली की एकदम उडतात. तो रातवा पक्षी, तापलेल्या डांबरावर बसून किडे टिपणारा. त्याच्या डोळ्यांच्या आतला थर उजेड परत फेकतो. पावसाळ्यात म्हादई अभयारण्याच्या रानात कुजक्या लाकडावर हिरवट उजेड दिसतो तो मायसीना जातीच्या अळंब्यांचा. समुद्राच्या लाटेत कधीकधी निळा उजेड फुटतो तो नॉक्टिलुका या सूक्ष्म जीवांचा, लाट हलली की तेही चमकतात. हे दोन्ही मी पाहिलं आहे. कारण ठाऊक असूनही मला बराच वेळ तिथून हलावंसं वाटलं नव्हतं.

कॅमेऱ्यात दिसणारी भुतं हल्ली सर्वांत जास्त. फ्लॅश मारून काढलेल्या फोटोतले पांढरे गोल म्हणजे भिंगाजवळची धूळ नाहीतर पावसाचे थेंब. ते केंद्रबिंदूच्या बाहेर असल्याने फुगून दिसतात. पाऊस भुरभुरत असताना अंगणात फ्लॅश मारून बघा, डझनभर मिळतील. सीसीटीव्हीत रात्री तरंगत जाणारी पांढरी आकृती बहुतेक वेळा कॅमेऱ्याच्या अगदी तोंडाशी आलेला कोळी किंवा पतंग असतो, कारण रात्रीचे अवरक्त दिवे त्याच्यावर पडतात. कॅमेरा पुसा, जाळं काढा, दुसऱ्या रात्री परत बघा.

आणि शेवटी आपलं शरीर. "झोपेत कुणीतरी उरावर बसलं, डोळे उघडे होते पण हात हलेना, तोंडातून शब्द फुटेना." हे मला इतक्या जणांनी सांगितलंय, आणि इतक्या लाजत, की त्याबद्दल मोकळेपणी बोललंच पाहिजे. स्वप्न पडतात त्या झोपेत मेंदू आपले स्नायू सैल सोडतो, नाहीतर आपण स्वप्नातल्यासारखे पळत सुटलो असतो. कधीकधी जाग आधी येते आणि स्नायूंवरची ही पकड मागाहून सुटते. मधल्या काही सेकंदांत, फार तर एकदोन मिनिटांत, स्वप्नाचे तुकडे जागेपणी दिसतात. छातीवर ओझं वाटतं, खोलीत कोणीतरी असल्याचा भास होतो. याला निद्रापक्षाघात म्हणतात. अपुरी झोप, रात्रपाळी, मनावरचा ताण, उताणं झोपणं यांनी तो वाढतो. त्या क्षणी संपूर्ण अंग हलवायची धडपड करू नका. पायाचं एक बोट हलवायचा प्रयत्न करा आणि श्वासाकडे लक्ष द्या. कुशीवर झोपा, झोपेची वेळ पाळा. वारंवार होत असेल आणि दिवसाही अनावर झोप येत असेल तर डॉक्टरांना दाखवा.

एक कारण मात्र जिवावरचं आहे. १९२१ साली विल्मर नावाच्या अमेरिकन नेत्रवैद्याने एका कुटुंबाची हकीकत प्रसिद्ध केली. नव्या घरात त्यांना पावलं ऐकू येत, माणसं दिसत, डोकं दुखे, मुलं फिकट पडत चालली होती. दोष निघाला घर तापवणाऱ्या भट्टीत. तिच्यातून कार्बन मोनॉक्साइड घरात पसरत होता. आपल्याकडे भट्ट्या नाहीत, पण बंद न्हाणीघरात गॅसचे गिझर आहेत. या वायूला वास नाही, रंग नाही. एखाद्याच खोलीत गेल्यावर सगळ्यांचं डोकं जड होतं, चक्कर येते, भास होतात असं असेल तर आधी खिडक्या उघडा, बाहेर या, गिझर बंद करा. मग बाकीचं.

पाचवी पायरी: चाचणी, आणि चाचणीत स्वतःलाही अंधारात ठेवणं

आतेच्या माळ्यावर मी पहिल्या रात्री तांदळाचं पीठ पसरलं. सकाळी मुंग्यांची रांग आणि उंदरांच्या पायांची नक्षी एवढंच हाती लागलं. दुसऱ्या रात्री पिठाऐवजी रांगोळी घेतली. ती दगडाची, तिला मुंग्या येत नाहीत. चाळणीने पातळ थर दिला, देवघराच्या बाजूच्या फळ्यांपासून चुलीपर्यंत. पहाटे ३:१० ला आवाज आला. आते माझा हात धरून बसली होती. आम्ही वर गेलो नाही, उजाडेपर्यंत थांबलो.

उजाडल्यावर आते स्वतः शिडी चढली, मी खाली शिडी धरून. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "बोटं मोज गो." मी वर गेले. ठसे स्वच्छ उमटले होते. मांजराच्या पावलाला चार बोटं उमटतात, याला पाच होती. उदमांजराला प्रत्येक पायाला पाच बोटं असतात. फळीच्या टोकाला विष्ठा होती आणि तिच्यात भेरली माडाच्या बिया. वास त्याचाच. भिंत आणि कौलांच्या मधे एक कौल सरकून वीतभर फट पडली होती, आणि फणसाची फांदी बरोबर तिथवर आली होती.

ही चाचणी सोपी होती, कारण ठसा कुणाच्या मनावर अवलंबून नसतो. जिथे मोजणाऱ्याचं मन मोजणीत शिरू शकतं तिथे जास्त काळजी लागते. दोन उदाहरणं देते.

पहिलं, पाणी बघणारे. दुबेळक्याची काठी किंवा तळहातावर नारळ घेऊन ते भाटात, म्हणजे बागायतीत, फिरतात आणि काठी वळली की तिथे विहीर. बहुतेक वेळा पाणी लागतंही. पण गोव्यात वर्षाला साधारण ३००० मिलिमीटर पाऊस पडतो आणि आपला चिऱ्याचा दगड सच्छिद्र, पाणी धरणारा. काठीशिवाय खणलं असतं तरी कितीदा लागलं असतं? हा प्रश्न विचारल्याशिवाय "लागलं" या शब्दाला वजन नाही. काठी मात्र खरोखर वळते. पाणी बघणारा फसवत असतो असं मी म्हणत नाही. मनात अपेक्षा असली की हाताचे स्नायू नकळत हलतात आणि हलवणाऱ्याला ते कळत नाही. १८५३ साली मायकल फॅरेडेने "आत्म्यांनी" हलणाऱ्या टेबलावर हेच दाखवलं. टेबल आणि हात यांच्यामधे त्याने पुठ्ठ्याचे थर मऊ चिकट पदार्थाने जोडून ठेवले. हात आधी सरकतात, टेबल मागून, हे त्या थरांनी सांगितलं. प्लँचेटची वाटी हलते तीही अशीच.

चाचणी अशी करा. झाकणाच्या दहा सारख्या बादल्या. एकीतच पाणी, बाकींत तितक्याच वजनाची वाळू. कुठल्या बादलीत पाणी हे चिठ्ठी उचलून ठरवा. भरणारा माणूस पाणी बघणाऱ्यासमोर येता कामा नये, बादल्यांजवळ उभा राहणाऱ्यालाही उत्तर माहीत नको. नाहीतर चेहऱ्यावरून कळतं. असं दहा वेळा करा, दर वेळी नवी चिठ्ठी. नुसत्या अंदाजाने सरासरी एकदा बरोबर येईल. चार किंवा जास्त वेळा योगायोगाने बरोबर येण्याची शक्यता शंभरात सव्वा, पाच किंवा जास्त वेळा येण्याची दहा हजारांत सोळा. म्हणून आधीच दोघांनी मिळून ठरवायचं: पाच आली तर आम्ही मानू आणि चाचणी परत घेऊ. आणि चाचणीआधी झाकणं उघडी ठेवून त्याला काठी फिरवू द्या. "इथे काठी नीट चालते" असं त्याने स्वतः म्हटलं पाहिजे, म्हणजे नंतर जागेला दोष जात नाही.

दुसरं उदाहरण सांगे तालुक्यातल्या नेत्रावळीचं. तिथे गोपीनाथाच्या देवळालगत बुडबुड्यांची तळी आहे. तळातून वायूचे बुडबुडे सतत वर येत असतात. टाळ्या वाजवल्या की ते वाढतात असं सगळे म्हणतात, आणि तिथे गेलेला प्रत्येकजण टाळ्या वाजवून बघतोच. पण बघा, आपण टाळी कशी वाजवतो: वाजवत राहतो, बुडबुड्यांचा एखादा मोठा घोस आला की "बघा!" म्हणून थांबतो. घोस तर मधूनमधून एरवीही येतात.

म्हणून असं करा. पाण्याचा एकच कोपरा निवडून फोन तिकाठीवर लावा, टाळी वाजवणारा चित्रात दिसता कामा नये. एकेका मिनिटाच्या वीस फेऱ्या घ्या. प्रत्येक फेरीआधी नाणं उडवा: छापा आला तर पूर्ण मिनिट टाळ्या, काटा आला तर शांत. दोन फेऱ्यांमधे दोन मिनिटं जाऊ द्या. फेरीचा क्रम आणि नाण्याचा कौल एका कागदावर लिहून घडी करून ठेवा. घरी येऊन आवाज बंद केलेला व्हिडिओ अशा मैत्रिणीला द्या जी तिथे आलीच नव्हती, आणि तिला प्रत्येक फेरीतले बुडबुडे मोजायला सांगा. आकडे आल्यावर कागद उघडा. मोजणाऱ्याला उत्तर माहीत नसणं हा या सगळ्याचा कणा आहे. औषधांच्या चाचण्यांतही हेच करतात. जायच्या आधी देवस्थानची परवानगी घ्या, पाण्यात उतरू नका, आणि निकाल काहीही आला तरी तो जसाच्या तसा लिहा. हा प्रयोग मी मुद्दाम सोडवून दाखवत नाही. शाळेच्या सहलीला यापेक्षा चांगला गृहपाठ मला सुचत नाही.

आपल्याकडे मोठ्या प्रमाणावर अशी चाचणी झालेली आहे. २००८ साली डॉ. जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी ज्योतिषाची परीक्षा घेतली. हुशार विद्यार्थ्यांच्या आणि मतिमंद मुलांच्या पत्रिका मिसळल्या आणि पत्रिका बघून कोण कोणत्या गटातला ते सांगा, असं ज्योतिषांना आव्हान दिलं. प्रत्येकाला ४० पत्रिका. २७ ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. बरोबर उत्तरांचं प्रमाण ४६ टक्के आलं, म्हणजे नाणं उडवून मिळतं त्याच्या आसपास. कुणाच्या घरी छापा घालावा लागला नाही, कुणाचा अपमान करावा लागला नाही.

सहावी पायरी: "गुण आला" म्हणजे काय ते मोजा

कावळा बसायला आणि फांदी मोडायला. काकतालीय न्याय हा शब्दच आपल्या पूर्वजांनी त्यासाठी केला. पण रोजच्या व्यवहारात तो आठवत नाही, विशेषतः आजारपणात.

साप चावला आणि मंत्राने उतरला, असा अनुभव सांगणारी खरी माणसं गावोगाव आहेत. आपल्याकडे जीवघेणे साप प्रामुख्याने चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं. धामण, दिवड असे बाकीचे बरेचसे बिनविषारी. विषारी साप चावला तरी दर वेळी विष सोडतोच असं नाही. म्हणजे मांत्रिकाकडे नेलेल्यांपैकी कितीतरी जण काहीही न करता वाचणार होते. वाचले त्यांच्या गोष्टी गावभर होतात. ज्यांना मण्यार चावली आणि मंत्र चालू असताना श्वास थांबला, त्यांच्याविषयी "वेळ आली होती" म्हणतात. ही तपासणी घरी करायची नाही. साप चावला की १०८ ला फोन, चावलेला भाग हलवायचा नाही, कापायचं नाही, चोखायचं नाही, आवळून बांधायचं नाही, आणि प्रतिविष मिळेल त्या सरकारी इस्पितळात थेट पोचायचं. मण्यारीचा चावा दुखत नाही, खूणही नीट दिसत नाही. म्हणून रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे डोळे जड होऊन मिटत असतील, बोलताना जीभ अडखळत असेल तर शंका घ्या.

काविळीचंही तसंच. दूषित पाण्याने होणारी कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते, मग त्या काळात गळ्यात जी माळ असेल तिला श्रेय जातं. हात धुवून पिवळं पाणी "काढून दाखवणं" ही तर रसायनाची करामत आहे: आंब्याच्या सालीचा रस हाताला चोळलेला असला आणि चुन्याच्या निवळीत हात धुतले की पाणी पिवळं होतं. तपासायचं तर कावीळ नसलेल्या माणसाचेही हात त्याच पाण्यात धुवायला सांगा. लिंबू कापल्यावर रक्त निघतं तेव्हा सुरी पुसून द्या, किंवा स्वतःची सुरी द्या. सुरीला लावलेला जास्वंदीचा रस लिंबाच्या आम्लाने लालभडक होतो. हे घरी मुलांना करून दाखवा, अतिशय आवडतं.

बोरीच्या पुलावर रात्री बाई उडी मारते आणि खाली बघितलं तर कोणी नाही, ही गोष्ट ऐकली नाही असा फोंडा-मडगाव प्रवासी विरळा. अशा कर्णोपकर्णी गोष्टींना एकच चाचणी: "तुला कोणी सांगितलं?" आणि त्या माणसाला परत तेच. साखळी कागदावर लिहीत चला. मी तीनदा करून पाहिलं, तिन्ही वेळा चौथ्या माणसापाशी "कुणीतरी बोलत होतं" आलं. तपासायला म्हणून रात्री पुलावर गाडी थांबवू नका. मागून येणारा ट्रक मात्र नक्की खरा असतो.

कुठे थांबायचं

शिरगावच्या लईराई देवीच्या जत्रेत धोंड, म्हणजे तिचे व्रतस्थ भक्त, होमकुंडातून जातात. निखारा उष्णता हळू सोडतो, वर राखेचा थर, आणि पाऊल क्षणभरच टेकतं, म्हणून पाय सहसा भाजत नाहीत. एवढं भौतिकशास्त्र मी वर्गात शिकवते, आणि कुणी घरी करू नये हेही तितक्याच जोराने सांगते, कारण थबकलं, पडलं किंवा निखाऱ्यात धातू असला की माणूस भाजतो. पण व्रताचे दिवस पाळणारा धोंड माझ्याकडे कुठलाही दावा घेऊन आलेला नाही. तो त्याच्या देवीपाशी गेला आहे. तिथे माझी वही मी काढत नाही. सत्तरीतल्या देवरायांत देवचाराच्या, म्हणजे जागेच्या राखणदाराच्या, धाकाने कुणी कुऱ्हाड घातली नाही, म्हणून ती झाडं आज उभी आहेत. त्या धाकाशी भांडायला मला तरी कारण दिसत नाही.

वही काढायची ती तीन ठिकाणी: कोणी पैसे मागतो, कोणी औषध बंद करायला सांगतो, किंवा कोणा बाईवर करणी केल्याचा आळ येतो. या तिसऱ्यात तर एक दिवसही थांबू नये, पोलिसांत जावं. आणि घरातल्या कुणाला आवाज ऐकू येतात, कोणी मारायला टपलंय असं सतत वाटतं, तर रांगोळी पसरत बसू नका. तो आजार आहे, त्याला उपचार आहेत. बांबोळीला मानसोपचार संस्था आहे, आणि १४४१६ या टेलिमानस क्रमांकावर फुकट बोलता येतं. अशा माणसाला "अंगात आलंय" म्हणून कोंडून ठेवलेलं मी पाहिलंय. ते दार उघडायला आम्हाला दोन वर्षं उशीर झाला.

सापडलेलं कारण सांगतानाही घाई नको. आतेला मी "बघ, उदमांजरच निघालं" असं म्हटलं नाही. ठसे तिनेच आधी पाहिले, बोटं मोजायलाही तिनेच सांगितलं. मग ती माळ्याच्या शिडीवर बसून रडली. आवाज आतोबांचा नव्हता हे कळल्यावर सुटकेबरोबर काहीतरी हातातून गेलंही होतं. वर्षश्राद्ध तिने मन लावून केलं. मांत्रिकाला द्यायचे ठरलेले पैसे कौलं शाकारायला गेले.

उदमांजर पकडू नका, विष घालू नका. वन्यजीव संरक्षण कायद्याने ते सुरक्षित आहे. आम्ही दिवसा माळा नीट पाहून आत पिल्लं नाहीत याची खात्री केली. फणसाची फांदी छाटली. रात्री ते बाहेर पडल्यावर सरकलेलं कौल बसवलं आणि फटीला लोखंडी जाळी ठोकली. त्यानंतरही आतेने वही आणखी तीन आठवडे लिहिली. शेवटच्या पानावर तिच्या गोल अक्षरात आहे: "मिरग. काही नाही. पाऊस."